सुटलेली कुस्ती
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमचा मुलूख कुस्तीचा नाही. आचऱ्याच्या खाडीकाठी मासे, माड आणि दशावतार. लाल माती आमच्याकडेही आहे, पण ती अंगाला फासायची नसते, त्यात भात लावायचं असतं. कुस्ती म्हणजे घाटावरची गोष्ट. गगनबावडा किंवा फोंडा घाट चढून कोल्हापुरात उतरलं, की मग तालमी, हलगी, थंडाई आणि चांदीची गदा. तरीही कुस्तीवर बोलायचं धाडस करतोय, कारण आज मला जो प्रश्न विचारायचा आहे तो आखाड्यापुरता नाही. दोघं लढत असताना एकाचं हाड मोडलं आणि लढत तिथंच थांबली, तर त्या लढतीचा निकाल लागला असं म्हणायचं का? आणि नसेल लागला, तर ती पुन्हा व्हावी का?

परवा आमच्या घरातली पोरं मोबाइलवर पिंजऱ्यातली लढत बघत होती. मिक्स्ड मार्शल आर्ट्स म्हणतात तिला. कुस्ती, ठोसे, लाथा सगळं एकत्र. पोरांमध्ये वाद चालला होता. जुलै २०२१ मध्ये आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरचा पाय डस्टिन पॉरियेशी लढताना पहिल्या फेरीच्या अखेरीस मोडला आणि डॉक्टरांनी लढत थांबवली. विजय पॉरियेच्या नावावर लागला. एक पोरगा म्हणे, पुन्हा लढत व्हायलाच पाहिजे. दुसरा म्हणे, मार तर आधीपासून खातच होता तो, पाय मोडला म्हणून वाचला. मी तिथं बसून ऐकत होतो आणि मला वाटलं, हा वाद हजार वर्षांचा तरी जुना आहे.

हजार वर्षं मी उगाच म्हणत नाही. फिरदौसीचा शाहनामा साधारण १०१० साली पुरा झाला. त्यात रुस्तुम आणि सोहराब या बापलेकांची लढाई आहे. दोघांनाही आपलं नातं ठाऊक नाही. हत्यारांनी लढून निकाल लागत नाही, म्हणून दोघं कुस्तीला उतरतात. तरुण सोहराब म्हाताऱ्या रुस्तुमला खाली घालतो, छातीवर बसतो, खंजीर काढतो. तेव्हा रुस्तुम म्हणतो, आमच्याकडे रिवाज असा, की पहिल्यांदा पाडलेल्याला मारत नाहीत. दुसऱ्यांदा पाडलं तर मारण्याचा हक्क. हा रिवाज त्यानं त्या क्षणी जीव वाचवायला रचलेला. सोहराब भोळा. तो उठतो, त्याला सोडतो. पुढच्या कुस्तीत रुस्तुम त्याला पाडतो आणि कसला रिवाज न पाळता खंजीर चालवतो. मरतामरता सोहराबच्या तोंडून बापाचं नाव निघतं, तेव्हा कुठं रुस्तुमला कळतं.

म्हणजे जगातल्या एका प्रसिद्ध फेरकुस्तीचा पाया थापेवर आहे. आणि गंमत बघा, आपल्याकडे पैलवानाला मोठा किताब द्यायचा तर रुस्तुमच्याच नावानं देत आले, रुस्तुम-ए-हिंद. सोहराब-ए-हिंद असा किताब मी ऐकलेला नाही.

दुसरी गोष्ट आमच्या गावातल्या प्रत्येक पोराला पाठ असते, कारण ती देवळासमोर रात्रभर बघितलेली असते. भीम आणि दुर्योधनाचं गदायुद्ध. गदायुद्धात कमरेखाली घाव घालायचा नाही हा नियम. दोघंही बलरामाचे शिष्य. भीमाला खूण होते आणि गदा मांडीवर बसते. मांडी मोडली, लढाई संपली. बलराम नांगर उचलून भीमावर धावून जातो, कृष्ण त्याला आवरतो. आजच्या भाषेत सांगायचं तर नियमबाह्य घावानं झालेली दुखापत आणि त्यावर लागलेला निकाल. दशावतारात हा प्रवेश आला की बाया-बापड्यांची सहानुभूती भीमाकडे असते, पण बलरामाचा संताप कुणाला खोटा वाटत नाही. व्यासांचं मोठेपण असं, की त्यांनी तो संताप गाळला नाही. निकाल बदलला नाही आणि डागही पुसला नाही.

आता इतिहासाकडे येऊ. सन १९१०. लाहोर-अमृतसरकडचा गामा पैलवान लंडनला गेला. उंची साडेपाच फुटांच्या थोडी वर. तिथल्या लोकांना तो ठेंगणा वाटला. अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला त्यानं एकाच लढतीत दोनदा चीत केलं आणि मग जॉन बुल पट्ट्यासाठी त्याची गाठ पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी पडली. तारीख १० सप्टेंबर. झिबिस्को वजनानं खूपच भारी. सुरुवातीलाच गामानं त्याला खाली घेतलं आणि मग तो पालथा जमिनीला जो चिकटला तो उठेचना. अडीच तासांहून जास्त वेळ असं चाललं. शेवटी बरोबरी जाहीर झाली आणि आठवड्यानं, १७ सप्टेंबरला, पुन्हा लढायचं ठरलं. त्या दिवशी गामा आला. झिबिस्को आला नाही. पट्टा गामाला मिळाला.

इथं एक थांबा घेतो. आलेल्याला पट्टा देणं बरोबर होतं, यात मला शंका नाही. पण गामाला ते पुरलं असेल का? पुरलं नसावं, कारण त्या दोघांना पुन्हा समोरासमोर आणायला अठरा वर्षं लागली तरी ते घडलं. जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी मैदान भरवलं. दोघंही पन्नाशीला टेकलेले. आणि अडीच तासांत जे झालं नव्हतं ते एका मिनिटाच्या आत झालं. झिबिस्को चीत. त्यानं मात्र या वेळी समुद्र ओलांडून येण्याचं टाळलं नाही, हे त्याच्या खात्यावर जमा धरायला हवं.

गामाच्याच आयुष्यात रहीमबख्श सुलतानीवाला याच्याशी झालेल्या कुस्त्या आहेत. त्या एकामागून एक बरोबरीत सुटल्या. इंग्लंडहून परतल्यावर अलाहाबादला एकदाचा निकाल लागला. जुन्या कुस्तीला घड्याळ नव्हतं आणि गुणही नव्हते. पाठ टेकली तर हार, नाही तर नाही. त्यामुळे ‘सुटलेली’ कुस्ती पुन्हा लावायची यात कुणाला वावगं वाटत नसे. जोड ठरलेली असे, दोघांची नावं एका दमात घेतली जात, आणि लोक पुढच्या मैदानाची वाट बघत. शाहू महाराज १९०२ साली युरोपात गेले होते, तिकडची मैदानं बघून आले आणि कोल्हापुरात खासबाग उभं राहिलं. ते १९१२ साली सुरू झालं तेव्हाची पहिली मोठी कुस्ती गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची. मधे खोल हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठूनही बसा, पाठ टेकलेली दिसलीच पाहिजे. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. हजारो लोकांच्या डोळ्यांसमोर पाठ टेकली की पंचाला समजावून सांगावं लागत नाही.

गुण आले आणि भांडणं आली, असं घाटावरचे जुने वस्ताद म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. गुण नसते तर दुबळ्या शरीराच्या चपळ पैलवानाला न्याय मिळाला नसता. पण भांडणं आली हे खरं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत एका डावाला दिलेल्या चार गुणांवरून महाराष्ट्रभर वाद पेटला. ज्यानं आयुष्यात आखाडा बघितला नाही तोही बाहेरची टांग बसली की नाही यावर मत देत होता. सिकंदरला त्या लढतीची फेरलढत मिळाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला तो पुन्हा उतरला आणि शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत चीत करून गदा घेऊन गेला. पुढे २ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरात त्याच राक्षेची पाळी आली. पृथ्वीराज मोहोळविरुद्ध आपले खांदे टेकलेच नव्हते असं त्याचं म्हणणं होतं. रागानं त्यानं पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांचं निलंबन ओढवून घेतलं. लाथ मारली त्या क्षणी त्याची तक्रार खरी की खोटी हा प्रश्नच मागे पडला. मला त्याचं वाईट वाटतं, पण लाथेचं समर्थन नाही करता येत.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्याच मातीत आहे आणि ते पुरेसं सांगितलं जात नाही. खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९५२ च्या हेलसिंकीच्या कांस्यपदकाची कथा आपण शाळेच्या पुस्तकातून ऐकलेली असते. रक्कम जमवण्यासाठी गोळेश्वरची माणसं दारोदार फिरली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. पण त्याआधीची एक गोष्ट आहे. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत बंगालच्या निरंजन दासपेक्षा आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी खाशाबांची तक्रार होती. त्यांनी कुणाला लाथ मारली नाही. पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. निवड चाचणीत दोघांची पुन्हा गाठ घालण्यात आली आणि खाशाबांनी दासला चीत केलं. चीत केल्यावर गुणाचा प्रश्न उरत नाही. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक या फेरकुस्तीतून आलेलं आहे. ती झाली नसती तर खाशाबा हेलसिंकीला गेलेच नसते.

आणि हेलसिंकीत काय झालं? जपानच्या शोहाची इशीशी दमछाक करणारी लढत झाली, खाशाबा थोडक्यात हरले. लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोवसमोर उभं राहायला सांगितलं गेलं. दोन लढतींत अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. तो सांगायला, भांडायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. थकलेला माणूस लढला आणि हरला. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. ही लढत पुन्हा व्हायला हवी होती का? माझं मत स्पष्ट आहे, व्हायला हवी होती. थकवा हीसुद्धा एक दुखापतच आहे, फक्त ती क्ष-किरणात दिसत नाही. पुढे गुडघ्याच्या दुखापतीनं त्यांना १९५६ च्या मेलबर्नची संधीही नाकारली. भारतात परतल्यावर त्यांची बैलगाड्यांतून मिरवणूक निघाली हे आपण अभिमानानं सांगतो. तो अर्धा तास कुणी मागितला नाही हे मात्र सांगत नाही.

आता खरीखुरी दुखापत. ऑगस्ट २०१६, रिओ. विनेश फोगट चीनच्या सुन यानानशी लढत होती, गुडघा पिरगळला, स्ट्रेचरवरून बाहेर गेली. लढत चीनच्या नावावर. नियमानं दुसरं काही होऊच शकत नव्हतं, कारण स्पर्धा त्याच दिवशी पुढे सरकायची होती. आपल्याला कुणीतरी पुन्हा संधी द्यावी असं म्हणत विनेश बसली नाही. ऑगस्ट २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिल्याच लढतीत नशिबानं तीच सुन यानान समोर आणली. विनेशनं ८-२ असं हरवलं आणि संध्याकाळपर्यंत सुवर्ण घेतलं. पण प्रत्येकीला जकार्ता मिळत नाही. पॅरिसला ५ ऑगस्ट २०२४ रोजी निशा दहिया उत्तर कोरियाच्या पाक सोल-गुमविरुद्ध ८-१ अशी पुढे होती. थोडाच वेळ उरला होता. तेवढ्यात हात दुखावला. रडत, एका हातानं लढत राहिली आणि ८-१० अशी हरली. तिला रेपेचाजचा दरवाजाही उघडला नाही, कारण प्रतिस्पर्धी अंतिम फेरीत पोचली नाही. हा रेपेचाज प्रकार कुस्तीतच चांगला रुजला आहे. ज्याच्याकडून तुम्ही हरलात तो अंतिम फेरीत गेला, तर तुम्हाला कांस्यासाठी पुन्हा लढता येतं. साक्षी मलिकचं रिओचं पदक याच वाटेनं आलं. म्हणजे दुसरी संधी नियमात बसवता येते. फक्त ती हरलेल्याच्या वेदनेवर ठरत नाही, हरवणारा पुढे किती चालला यावर ठरते. थोडं विचित्र आहे, पण निदान त्यात कुणाचा वशिला चालत नाही.

पिंजऱ्यातल्या लढतींचे नियम याबाबतीत बरेच विचार करून केलेले दिसतात. मुद्दाम नियमबाह्य मारून जखमी केलं आणि लढत पुढे चालू शकली नाही, तर मारणारा बाद. चुकून तसं घडलं आणि लढत अजून कोवळी असेल, तर लढत झालीच नाही असं धरतात. बऱ्याच फेऱ्या झाल्या असतील तर तोवरच्या गुणांवर निकाल. आणि कुणाचीही चूक नसताना स्वतःच्याच अंगानं दगा दिला, तर दगा बसलेला हरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीत इंग्लंडच्या टॉम ॲस्पिनॉलच्या डोळ्यात फ्रान्सच्या सिरिल गानचं बोट गेलं. पहिलीच फेरी. लढत रद्द, किताब होता तिथंच. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, जणू डोळा हा उसना मागता येतो. हाच ॲस्पिनॉल जुलै २०२२ मध्ये लंडनला कर्टिस ब्लेड्सविरुद्ध उतरला होता. लाथ मारली, पाय टेकवला आणि गुडघा गेला. पंधरा सेकंद. रेकॉर्डमध्ये तो हरला. दोन वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, मँचेस्टरला दोघं पुन्हा भिडले आणि ॲस्पिनॉलनं ब्लेड्सला एका मिनिटात झोपवलं. झिबिस्को आठवला की नाही? कधीकधी फेरलढतीचा निकाल इतका झटपट लागतो, की मधली वर्षं कशासाठी गेली असा प्रश्न पडतो.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. रामेश्वराचा कौल झाला की अख्खा गाव, सगळ्या जातिधर्मांची माणसं, गुरंढोरं, कोंबडीकुत्री घेऊन तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहायला जातात. आम्हीही घराला कुलूप लावून निघतो. लहानपणी एका म्हाताऱ्या गावकऱ्यानं मला कौलाची रीत सांगितली होती. पाकळी पडलीच नाही तर पुन्हा विचारायचं. पण पडली आणि मनासारखी पडली नाही, म्हणून पुन्हा विचारायचं नाही. फेरकुस्तीचा निवाडा करताना मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही. ॲस्पिनॉलच्या पंधरा सेकंदांत पाकळी पडलीच नव्हती. मॅकग्रेगरची पहिली फेरी मी दोनदा बघितली, आणि माझ्या मते पाकळी बऱ्यापैकी खाली आली होती. त्याआधी त्याच वर्षी जानेवारीत तो पॉरियेकडून सरळ हरलाही होता. पोरांना हे सांगितलं तर त्यांनी मला म्हातारा ठरवलं. आणि भीमाच्या बाबतीत तर देवाचा हातच कुणीतरी धक्का देऊन हलवला होता. तिथं पुन्हा विचारणं म्हणजे मोडक्या मांडीच्या माणसाला पुन्हा उभं करणं. तिथं हवा असतो निवाडा. चुकीच्या मारानं पाडलेल्याला ‘पुन्हा लढ’ म्हणणं हा न्याय नव्हे, ती मारणाऱ्याला मिळालेली सवलत.

हे सगळं मोठ्या नावांचं झालं. लहान नावांचं काय होतं तेही सांगतो. माझ्या मावसभावाचा मुलगा कोल्हापूरला शिकायला गेला आणि तालमीत रमला. आमच्या घराण्यातला पहिला पैलवान. घाटावरच्या एका जत्रेच्या मैदानात त्याची जोड लागली, पत्रकावर दोघांचे फोटो छापले. सात-आठ मिनिटं बरोबरीची चालली होती आणि त्याचा खांदा निसटला. कुस्ती सोडवली. आयोजकांनी निम्मं इनाम देतो म्हणून सांगितलं आणि तेही पुरतं दिलं नाही. समोरचा पोरगा मात्र दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला, ‘बरा हो, पुन्हा लढू’ म्हणून गेला. मनापासून म्हणाला होता. पण पुन्हा लढायचं तर वर्षभर दूध, बदाम, तूप हवं, आणि खांदा सुटलेल्या पैलवानाच्या खुराकाला पैसा कोण देणार? मैदान भरवणाऱ्यांनाही ती जोड नको होती. तिकडे त्या दुसऱ्या पोराला नोकरी लागली आणि त्याची कुस्ती संपली. वस्तादांनीही हात जोडले, म्हणाले, खांदा पुन्हा निसटला तर हात कायमचा जाईल.

तो आता गावात होडीवर असतो. जाळं ओढताना डावा हात जपतो. एकदा बंदरावर मी त्याला विचारलं, त्या कुस्तीचं अजून मनात येतं का? तो म्हणाला, ‘चाचा, हरल्याचा माका काय नाय. पन हरलंय काय नाय, ह्याच कळाक नाय.’

मोठ्या पैलवानांच्या फेरलढती होतात, कारण त्यांच्यामागे तिकिटं असतात, महाराजे असतात, आता दूरचित्रवाणीचे करार असतात. मॅकग्रेगरची पुन्हा व्हावी की नाही हे पाकळीवर ठरत नाही, गल्ल्यावर ठरतं. म्हणून माझं म्हणणं जरा उलट्या बाजूनं आहे. जिथं लढत अर्धी राहिली आणि दोघंही तयार आहेत, तिथं फेरकुस्तीची सोय मैदान भरवणाऱ्यानं करावी, आणि जखमी पैलवान बरा होईपर्यंतचा खुराकही त्यानंच द्यावा. पत्रकावर फोटो छापताना जोड त्याची असते, मग खांदा निसटल्यावर ती एकट्या पैलवानाची कशी होते? खासबागेत शाहू महाराजांनी दगड रचले तसे पैलवानही पोसले होते. आज जत्रेच्या मैदानांत लाखांची इनामं जाहीर होतात. त्यातलं थोडं दवाखान्यासाठी बाजूला काढायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही.